तिसऱ्यांदा जळलेली मोटर

तिप्पेवाडीची मोटर दुसऱ्यांदा जळून मिरजेत आली, तेव्हा ती खाली उतरवायच्या आधीच शालूबाई भंडारे टेम्पोवर चढल्या आणि मोटरच्या वायर जोडायच्या पेटीशी नाक नेऊन त्यांनी वास घेतला. जळक्या वार्निशचा तो कडवट वास त्यांच्या तीस वर्षांच्या ओळखीचा. नुसत्या वासावरून मोटरचं दुखणं सांगणारी बाई, असं त्यांच्याबद्दल बाजारात बोललं जायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. ही मोटर सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातांनी भरून दिली होती.

मोटर भरणं हे तसं सोशिक माणसाचं काम. जळकी तार उपसून काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी करायची, ती कागदाच्या अस्तरात एकेका खाचेत बसवायची, दोऱ्यानं बांधायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत भाजून काढायचं. शालूबाई हे लोणंदला वडिलांच्या हाताखाली शिकल्या. लग्न होऊन मिरजेला आल्या, नवरा प्रशांत इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागला आणि शालूबाईंनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. सुरुवातीला बाईमाणसाच्या हातात मोटर द्यायला लोक बिचकायचे. पुढं हळदीच्या गिरण्या, बेदाण्याची शेड, आसपासच्या गावांच्या पाणी योजना, सगळीकडून मोटरी येऊ लागल्या.

"बघा आता शालूताई," टेम्पोबरोबर आलेला जोतिबा म्हणाला. जत तालुक्यातल्या तिप्पेवाडीच्या पाणी योजनेचा तो ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, गळ्यात कायम टॉवेल. "पयली कंपनीची तार जळली, आमी गप बसलो. ही तर तुमी भरल्याली. दीड म्हयना बी न्हाई टिकली. तार हलकी घातली का काय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी माना वर केल्या.

"हलकी तार मी आजवर हातात धरली न्हाई, जोतिबाभाऊ."

"मंग हात हलका पडला असंल," जोतिबा म्हणाला. "वय झालं की पडतो. गावाला पानी न्हाई, लोक मला खात्यात. कुणाचं नाव सांगू मी?"

तो गेला. गिऱ्हाइकंही गेली. शालूबाईंनी मोटर उघडली. छत्तीस खाचांतल्या वेटोळ्यांपैकी बहुतेक सगळी नव्यासारखी पिवळीधमक होती. जळालं होतं ते फक्त तोंडाशी, जिथं बाहेरची केबल येऊन पहिल्या वेटोळ्याला मिळते तिथं. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत तारेला तार चिकटून काळा ठिपका पडला होता.

जादा ओझ्यानं मोटर जळली तर सगळी वेटोळी सारखी करपतात. एक फेज गेला तर एक आड एक जळतात. एकाच ठिकाणी ठिपका म्हणजे तारेवरचा मुलामा तिथं दुखावलेला. आणि मुलामा दुखावतो तो तार खाचेत बसवताना, भरणाऱ्याच्या हातून. पहिल्या वेळी सगळीच तार करपून आली होती, ठिपका ओळखायला जागाच नव्हती.

प्रशांतनं दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या इस्पितळात नेऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर थोडा बदलला आणि डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. शालूबाईंना उलट जास्तच लागलं. डोळे चांगले, मग हातच गेले म्हणायचे! घरी आल्यावर त्यांनी तिप्पेवाडीच्या सरपंच संयोगिताताईंना फोन लावला.

"ताई, चूक माझीच असंल. मी परत भरून देते. मजुरी नको."

त्यांनी ती मोटर पुन्हा भरली, एकेक तार भिंग लावून बघत. पण गावानं ती बसवली नाही, पंपघराच्या कोपऱ्यात ठेवून दिली आणि ग्रामपंचायतीनं कंपनीची कोरी मोटर आणली. ही गोष्ट जोतिबाच्या तोंडून जतच्या बाजारात गेली आणि तिथून मिरजेत आली. 'शालूबाईनं स्वतःच कबूल केलंय' म्हटल्यावर कुणी काय बोलणार? बेदाणा शेडवाल्यानं दोन मोटरी दुसरीकडं टाकल्या. शालूबाई दुकानात बसत, हातात तार घेत आणि वेटोळं करता करता थांबून आपल्याच बोटांकडं बघत राहत.

चैत्र लागला आणि एका सकाळी संयोगिताताईंचा फोन आला.

"शालूताई, तुमची माफी मागायची होती. ती कोरी मोटर बी जळली. पाच आठवड्यांत. तवा तुमच्या कामात खोट नव्हती. कंपनीचा माणूस येऊन गेला, तो म्हणतो ऑपरेटरनं पाणी नसताना कोरडी चालवली, गॅरंटी लागू न्हाई. पुढच्या सोमवारी ग्रामसभा हाय. जोतिबाला काढायचं ठरतंय."

फोन ठेवल्यावर शालूबाईंना आधी नुसतं हलकं वाटलं. छातीवरचं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं. त्यांनी चहा केला आणि सावकाश प्याल्या. माझे हात गेलेले नाहीत, एवढंच मनात घोळत होतं. जोतिबाच्या तोंडाला कुलूप बसलं असेल आता, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि त्याचं त्यांना बरं वाटलं हे खोटं कशाला सांगा?

पण दुपारपर्यंत तो हलकेपणा टिकला नाही. कोरडी चालली तर पंपाचं सील जातं, बेअरिंग जातं. मोटरचं तोंड कशाला जळेल? त्यांनी उलटा फोन लावला.

"ताई, ती कोरी मोटर कुठंशी जळलीय? उघडली का कुणी?"

"न्हाई बा. कंपनीच्या माणसानं बाहेरूनच बघितली."

"उघडू नका. मी येते उद्या."

"तुमी कशाला येताय एवढ्या उन्हाचं?" संयोगिताताईंना नवल वाटलं. "तुमच्यावरचं बालंट गेलं की."

"दुसऱ्यावर बसलं न्हवं," शालूबाई म्हणाल्या.

सकाळच्या एसटीनं त्या जतला आणि तिथून वडापच्या जीपनं तिप्पेवाडीला पोचल्या. पिशवीत नट खोलायचे पाने, मीटर आणि भाकरी. विहीर गावाबाहेर ओढ्याच्या काठाला होती. वाटेत टँकरभोवती घागरींची रांग लागली होती. जोतिबा विहिरीवर एकटाच बसला होता. शालूबाईंना बघून तो उठला आणि त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"तुमी कोरडी चालवली व्हय, भाऊ?" शालूबाईंनी सरळ विचारलं.

"पोराबाळांची शप्पत, न्हाई. पाणी बघितल्याबिगार मी बटनाला हात लावत न्हाई. पर ऐकतंय कोण!"

"मी ऐकतीया. धरा ह्या टोकाला."

दोघांनी मिळून मोटर उघडली. शालूबाईंनी भिंग लावलं. तीच जागा! पहिलं वेटोळं, पहिल्या फेऱ्या, तसाच काळा ठिपका. कंपनीत यंत्रावर भरलेली मोटर आणि मिरजेत हातानं भरलेली मोटर, दोन्हींचं मरण एकाच ठिकाणी. मग दोष भरणाऱ्याचाही नाही आणि चालवणाऱ्याचाही नाही. दोष वायरीतून येतोय.

"पॅनेल कुठाय?" त्यांनी पंपघराच्या भिंतीवरच्या खुणा बघत विचारलं. "हितं भिंतीवर होतं न्हवं?"

"पावसाळ्यात वढ्याला पाणी आलं, पंपघरात मांडीएवढं. पॅनेल भिजता भिजता वाचलं," जोतिबा म्हणाला. "मंग दिवाळीच्या आधी वर शाळेजवळ खोली बांधली आन तिथं नेलं."

मोटर सावकाश सुरू करायची आणि विजेच्या चढउतारातही नीट चालवायची म्हणून गावानं अडीच वर्षांपूर्वी साधा स्टार्टर काढून ड्राइव्हचं पॅनेल बसवलं होतं. शालूबाई केबलच्या कडेकडेनं पावलं मोजत चढ चढल्या. शंभर पावलांच्या वर भरली. जोतिबानं टेप लावला, तीनशे दहा फूट. दोन वर्षं पॅनेल मोटरीपासून पंधरा फुटांवर होतं तोवर काही झालं नाही. वर नेल्यापासून सहा महिन्यांत तीनदा मोटर जळली.

त्यांनी मीटर लावून विजेचा येणारा दाब बघितला. आकडे बरोबर. तिन्ही फेज सारखे. केबलचं इन्सुलेशन तपासलं, तेही ठणठणीत. काय बिघडलंय ते मीटरला दिसत नव्हतं.

तेवढ्यात संयोगिताताई आल्या. "सापडलं का? न्हाईतर तुमी भरल्याली ती मोटर कोपऱ्यात हाय, ती लावून टाकू. बायका टँकरला कटाळल्यात."

"लावू नका ताई. ती बी जळंल."

"तुमीच भरल्याली हाय!"

"म्हणून तर सांगते. कारण सापडंस्तवर मोटर लावली की मेली. मला सोमवारपर्यंत मुदत द्या. तवर टँकरच चालू द्या, आन जोतिबाला काढायचं थांबवा."

संयोगिताताईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. सरपंच झाल्यापासून त्यांनी फुशारकी मारणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. आपलीच मोटर लावू नका म्हणणारं माणूस पहिल्यांदा बघत होत्या.

"सोमवारपर्यंत," त्या म्हणाल्या.

परतताना शालूबाई मिरजेला न उतरता तशाच पुढं सांगलीला गेल्या. तिथल्या हळदीच्या कारखान्यात पल्लवी मेंटेनन्स इंजिनिअर होती. तिच्या कारखान्याच्या मोटरी शालूबाईच भरत आणि पल्लवी त्यांना मावशी म्हणायची. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"मावशी, ड्राइव्ह आणि मोटरमध्ये केबल किती?"

"तीनशे दहा फूट."

"आणि मध्ये चोक नाही?"

"कसला चोक? ट्यूबलाइटला असतो तसला?"

पल्लवीनं त्यांना आपल्या पॅनेलरूममध्ये नेलं. एका ड्राइव्हच्या खाली लोखंडी पत्र्यांचा तीन पायांचा एक ठोकळा बसवलेला होता, प्रत्येक पायावर जाड तांब्याची वेटोळी. "हा बघा. कंपनीच्या पुस्तकात याला रिॲक्टर म्हणतात, आपण चोकच म्हणतो. मावशी, लाइनीतली वीज लाटेसारखी गोल येते. ड्राइव्ह तिचे तुकडे करून पाठवतो, सेकंदाला हजारो झटके. केबल लांब असली की प्रत्येक झटका मोटरच्या तोंडाशी जाऊन आपटतो आणि मागे उलटतो. त्या आपटण्यात तिथं दाब दुप्पट होतो. तुमच्या मीटरला नाही दिसत, फार थोडा वेळ असतो तो. पण पहिल्या वेटोळ्याला कळतं. महिनाभर मार खातं आणि मग फुटतं."

"आन हा चोक काय करतो?"

"झटक्याची धार मोडतो. ड्राइव्हमधून निघाल्या निघाल्या झटका यातून गेला की बोथट होतो. मग टोकाला तेवढा आपटत नाही."

शालूबाई त्या ठोकळ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी तांब्याच्या वेटोळ्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजी हे बी वाइंडिंगच की!"

"वाइंडिंगच आहे," पल्लवी हसून म्हणाली. "मोटरच्या वाइंडिंगच्या पुढं उभं राहून मार झेलणारं."

चोक कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. तो त्या ड्राइव्हच्या आणि मोटरच्या मापाचा हवा. पॅनेल बनवणारे उदयसिंह साताऱ्याचे होते. दुसऱ्या दिवशी शालूबाई मिरजेहून सकाळच्या गाडीनं साताऱ्याला गेल्या. औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये दहाबारा माणसं पॅनेलच्या वायरी बांधत होती. उदयसिंह साठीचे, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशी अजून ताठ होती आणि आवाजही.

"आमच्या पॅनेलमुळं मोटर जळते?" ते म्हणाले. "बाई, दोनशे पॅनेल दिलीत मी. एक तक्रार दाखवा."

"पॅनेलला दोष द्यायला आले न्हाई साहेब मी. अंतर सांगायला आले. पॅनेल आता मोटरीपासनं तीनशे दहा फुटांवर हाय."

उदयसिंहांनी मान वर केली. "तीनशे? मी पंधरा फूट धरून दिलं होतं."

"दिवाळीच्या आधी हलवलं."

ते उठले, खिडकीशी गेले. बाहेर कुणीतरी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज येत होता. ते वळले तेव्हा आवाजातला ताठा गेला होता.

"मला फोन आला होता," ते म्हणाले. "तिप्पेवाडीहून. पॅनेल वरच्या खोलीत हलवलं तर चालेल का म्हणून. मी गाडी चालवत होतो. म्हटलं, खुशाल हलवा. किती लांब, ते विचारलंच नाही. विचारायला पाहिजे होतं. ते माझं काम होतं."

"तुमी न्हाई सांगितलं तर कुणी इचारायचं बी न्हाई," शालूबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? मला ठाऊक आहे ना." त्यांनी खुर्ची ओढली. "चोक मी देतो. पण या मापाचा तयार नाही. लोखंडी गाभा पडलाय शेडमध्ये, तांब्याची पट्टी आहे, पण आमचा वाइंडर गावच्या यात्रेला गेलाय. चार दिवस येत नाही."

"आज गुरुवार," शालूबाई म्हणाल्या. "सोमवारी ग्रामसभा. माप लिहून द्या, मी भरते."

"तुम्ही चोक भरलाय कधी?"

"न्हाई. पर तांबं माझ्या हातचं हाय."

उदयसिंहांनी फेऱ्यांची संख्या, थर, मधला कागद, गाभ्यात किती फट ठेवायची, सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं. शालूबाई पदर खोचून बसल्या. जाड पट्टी वळवायला जोर लागत होता, पण मोटरच्या अरुंद खाचांपेक्षा हे काम मोकळं होतं. पहिल्या पायाला थोडा वेळ गेला. दुसऱ्याला बोटं आपोआप चालू लागली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्या आपल्या बोटांकडं न बघता काम करत होत्या. संध्याकाळी चार वाजता तिसरा पाय बांधून झाला. उदयसिंहांनी मोजणीचं यंत्र लावलं, आकडा बघितला, गाभ्यातली फट केसभर सरकवली, पुन्हा बघितलं.

"आमच्या वाइंडरला सांगू नका," ते म्हणाले, "पण त्याच्यापेक्षा बसवणी चांगली आहे."

वार्निश पाजून चोक भट्टीत ठेवला. तो निघणार दुसऱ्या दिवशी दुपारी. शालूबाई तेवढ्यात लोणंदला माहेरी जाऊन यायचं ठरवून गाडीत बसल्या.

त्यांचे वडील आबा आता ऐंशीचे होते. रेल्वेच्या शेडमध्ये उभी हयात मोटरी भरण्यात गेली, आता हात थरथरत. जेवताना शालूबाईंनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी आपण सरपंचांना फोन करून चूक कबूल केली, तेही सांगितलं. वडील मान हलवून शाबासकी देतील असं त्यांना कुठंतरी वाटत होतं.

आबांनी घास खाली ठेवला. "चूक बघितली हुतीस?"

"न्हाई. पर दुसरं काय असणार वाटलं..."

"न बघता कबूल केलीस. मोठं मन दाखवलंस." आबांचा आवाज चढला नाही, पण शब्द लागत गेले. "तू माझी चूक म्हणालीस, मग कारण हुडकायचं कुणालाच कारण उरलं न्हाई. म्हणून त्यांनी कोरी मोटर लावली. ती बी मेली, आन त्या ऑपरेटरच्या नावावर गेली. पोरी, जळलेली मोटर सांगत असती काय झालं ते. तू तिचं ऐकलं न्हाईस, सवताच्या भ्याचं ऐकलंस."

शालूबाईंचे डोळे भरून आले. आबांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "खा. आता ऐकलंस न्हवं? मग झालं."

रविवारी सगळे तिप्पेवाडीला जमले. उदयसिंह स्वतःच्या गाडीतून चोक घेऊन आले. पल्लवीनं कारखान्यातून लाटा दाखवणारं यंत्र आणलं होतं, छोट्या टीव्हीसारखं. शालूबाईंनी भरलेली कोपऱ्यातली मोटर कट्ट्यावर बसवली. गावातली पन्नासेक माणसं विहिरीभोवती उभी होती.

आधी चोकशिवाय मोटर फक्त पाचच मिनिटं चालवली. पल्लवीनं यंत्राच्या वायरी मोटरच्या तोंडाशी जोडल्या. पडद्यावर रेघ उठली आणि प्रत्येक पायरीच्या टोकाला भाल्यासारखा काटा वर गेला. "पॅनेलमधून सहाशे व्होल्टच्या आत निघतंय," पल्लवी म्हणाली, "आणि इथं अकराशेच्या वर जातंय. मोटरला हा मार सेकंदाला हजारो वेळा."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. "पर मधी वाढलं कुठनं?" एक म्हातारबा म्हणाले. "वायर काय वीज पैदा करती व्हय?"

पल्लवीनं पुन्हा समजावलं. पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेव्हा मागं उभा असलेला जोतिबा पुढं आला.

"आवं, आपल्या टाकीच्या पायपाचं आठवतंय का?" तो म्हणाला. "दोन सालामागं कुणीतरी टाकीजवळचा व्हॉल्व झटक्यात बंद केला आन पायपात धाडकन आवाज झाला, वळणावरचा बेंड फुटला. पंप तर तेवढ्याच दाबानं पाणी देत हुता. मग बेंड का फुटला? लांबनं पळत आल्यालं पाणी टोकाला आपटलं म्हणून. पाईप लांब तेवढा तडाखा मोठा. हे बी तसंच हाय. वीज आपटती."

"अगदी तसंच," पल्लवी थक्क होऊन म्हणाली. "मी हे असं कधी सांगितलं नसतं."

म्हातारबांनी मान हलवली. आता सगळ्यांना कळलं होतं.

मग मोटर बंद केली. वरच्या खोलीत उदयसिंहांनी आणि शालूबाईंनी मिळून ड्राइव्हच्या पुढं चोक जोडला. ड्राइव्हमधला एक आकडाही उदयसिंहांनी कमी केला, म्हणजे सेकंदाचे झटकेही थोडे घटतील. जोतिबानं विहिरीत वाकून पाणी बघितलं आणि बटण दाबलं. पल्लवीच्या पडद्यावर रेघ पुन्हा उठली. पायऱ्यांची धार गेली होती, टोकाचे काटे खुजे झाले होते. पल्लवीनं आकडा वाचला, साडेसातशे. चोकमधून बारीक गूं असा आवाज येत होता. उदयसिंह तासभर त्याच्याजवळ बसून राहिले, मधून मधून अंगाला हात लावून तापतोय का बघत.

सोमवारची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. सगळं समोर घडलेलं असल्यामुळं बोलायला फार उरलं नव्हतं. तरी उदयसिंह आदल्या दिवशी परत न जाता मुद्दाम थांबले होते. ते उठले आणि म्हणाले, "मला विचारलं होतं. मी अंतर न विचारता हो म्हणालो. तीनदा मोटर जळली त्यात ऑपरेटरचा दोष नाही, मोटर भरणाऱ्या बाईंचा नाही. माझा आहे."

सुभेदारसाहेबासारखा माणूस असं उभं राहून बोलला, तेव्हा मागची माणसंही पुढं सरकली. संयोगिताताईंनी ग्रामसेवकाला ते जसंच्या तसं ठरावात लिहायला सांगितलं. जोतिबाला काढायचा विषय कुणी काढलाच नाही.

सभा उठत होती, तेवढ्यात जोतिबा उभा राहिला. "मला बी बोलायचंय," तो म्हणाला. टॉवेल दोन्ही हातांनी पिळत राहिला. "शालूताईच्या दुकानात मी चार मानसांत बोललो, तुमचा हात हलका पडला म्हणून. जतच्या बाजारात बी बोललो. मला माझी कातडी वाचवायची हुती. आन माझ्यावर आलं तवा ही बाई उन्हातनं आली. चार मानसांत बोललो हुतो, म्हणून चार मानसांत सांगतो. माझं चुकलं."

शालूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझं बी चुकलं, भाऊ. मी न बघता हो म्हणाले, म्हणून तुमच्यावर आलं."

त्यांनी सभेनंतर निघायची घाई केली, पण जोतिबाची बायको येसूबाई आडवी आली. तिनं हातातली पिशवीच काढून घेतली. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. शालूबाई पोटभर जेवल्या. येसूबाई त्यांच्या हाताकडं बघत होती. सगळ्या बोटांवर वार्निशचे पिवळे डाग होते.

"निघत न्हाईत का हे?" तिनं विचारलं.

"निघत न्हाईत," शालूबाई म्हणाल्या.

वैशाख सरला तरी मोटर चालू होती. शालूबाईंकडची गेलेली गिऱ्हाइकं काही परतली, बेदाणा शेडवाला मात्र आला नाही. त्याला दुसरा वाइंडर जवळ पडत होता. उदयसिंहांनी आपल्या ऑर्डरच्या कागदावर अंतराची एक ओळ छापून घेतली आणि आधी दिलेल्या सगळ्या गावांना फोन करून पॅनेल कुठं हलवलंय का विचारलं. चार गावांत हलवलेलं निघालं. त्या चारही गावांच्या चोकच्या वाइंडिंगचं काम त्यांनी मिरजेला शालूबाईंकडं पाठवलं. जोतिबा जतला बाजाराला आला की शालूबाईंना फोन करायचा, मोटरचं सांगायचा, आणि पुढं बराच वेळ दुसरंच काहीबाही बोलत राहायचा. शालूबाई फोन कानाला खांद्यानं धरत आणि ऐकता ऐकता वेटोळी करत.